शेवटच्या जोडीची मोजणी

१

मला हे लिहायचं नव्हतं. सई मागे लागली म्हणून बसलोय. सई म्हणजे आमच्या साहेबांची नात. साहेबांच्या वर्षश्राद्धाला छोटं पुस्तक काढायचं तिच्या डोक्यात आलंय. घरी आली, चहा प्यायली, म्हणाली, "शिवाआजोबा, दोन पानं द्या ना. पण चांगल्या आठवणी हां. ते दुपारचं नको."

ते दुपारचं नको, तर माझ्याकडे आलीस कशाला? साहेबांच्या शेजारी उभं राहून फोटो काढलेली ढीगभर माणसं आहेत. ती लिहितील, थोर होते, साधे होते. साधे बिलकुल नव्हते, महाखडूस होते. आणि मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. मला नुसती पानं भरता येत नाहीत. झालं ते सांगता येतं. छापायचं तर छाप, नाहीतर गोजराला दे वडे बांधायला.

तर साहेब. श्यामसुंदर वालावलकर. महाप्याच्या एमआयडीसीत आमचा गाळा. बाहेरून बघाल तर पत्र्याचं शेड, एका बाजूला प्रेस, दुसऱ्या बाजूला रंगवाला. आत आम्ही स्पीकर आणि अॅम्प्लिफायर बनवायचो. लग्नात ठणाणा करतात ते नव्हेत. आमची एक जोडी बनता बनता अख्खा पावसाळा निघून जायचा. लोक बाहेरदेशचा माल मिळावा म्हणून कुणाकुणाच्या हातापाया पडायचे, त्या काळात हा माणूस कागदाचा लगदा स्वतः वाटून स्पीकरचा कोन बनवायचा आणि आपला माल बाहेरदेशी धाडायचा. प्रत्येक डब्यावर पितळी पट्टी, 'वालावलकर, महापे'. मराठीत. निशांत, त्यांचा मुलगा, धंद्यात आल्यावर म्हणाला, "बाबा, इंग्लिशमध्ये करूया. तिकडच्यांना वाचता येत नाही." साहेब म्हणाले, "ऐकू येतं ना त्यांना? मग झालं."

माझ्या बापाचं भाताचं शेत होतं तिथे आज काचेची ऑफिसं उभी आहेत. पण जपानात कुणाच्यातरी बैठकीत आमच्या गावाचं नाव पितळेवर कोरलेलं आहे आणि ती पट्टी मी ठोकलेली आहे. हे तुमच्यापैकी कोणाला सांगता येत असेल तर या, बसा, बोलू.

२

मी सुतार नव्हतो. आम्ही आगरी, खाडीकाठची माणसं. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात लाकडी दार बसवतात, त्याला उघाडी म्हणतात. त्याच्या फळ्या मी बसवायचो. साहेब नवा गाळा बघायला आले होते, ते फिरत फिरत बांधावर आले आणि माझ्या उघाडीला हात लावून उभे राहिले. पलीकडे छातीएवढं पाणी, अलीकडे फळी कोरडी.

म्हणाले, "पाणी अडवतोस. हवा अडवशील?"

मी म्हटलं, "दुपारी झोपू द्याल?"

तिथून माझी नोकरी सुरू झाली. स्पीकरचा डबा म्हणजे तरी काय, हवेची उघाडी.

आता मोजणी काय ते सांगतो, कारण सगळं त्यावर आहे.

गाळ्याच्या मागच्या अंगाला साहेबांनी ऐकायची खोली बांधली. भिंतींना काथ्या, त्यावर कापसाच्या गाद्या, खिडकी नाही, दार एकच. आत बोललात तर शब्द तोंडातून निघून तुमच्या पायाशी पडतो. खोली झाली तेव्हा मोठ्या रिळाच्या मशीनवर साहेबांनी पहिलं रेकॉर्डिंग केलं ते गाण्याचं नव्हे. माझं. मला वेताच्या खुर्चीवर बसवलं, दिवा घालवला आणि म्हणाले, "काही करू नकोस. मागे वळू नकोस. नुसता बस." मशीन भिंतीच्या बाहेर. साहेब आणि त्यांची बायको, जयमालावहिनी, दोघं मशीनपाशी. आत मी एकटा.

त्या टेपवर आहे काय? काहीच नाही. एक माणूस बसलाय, एवढंच.

साहेबांचं म्हणणं होतं, "गाणं भंगार स्पीकरवरही बरं वाजतं रे. गाणं आपलं आपण सांभाळून घेतं. नुसता बसलेला माणूस ऐकू आला पाहिजे."

मग प्रत्येक जोडीची मोजणी व्हायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी, शेजारचे प्रेस बंद असताना. आम्ही दोघं, तिघं, पाच जण, असतील तेवढे, आधीच आत जाऊन चिडीचूप बसायचं. मशीन आत आणून टेप लावायची. मग बाहेरच्या कोणालातरी डोळे बांधून आत आणायचं. बहुतेक वेळा गोजरा, आमच्या गेटवरची चहा-वडेवाली. तिला विचारायचं, खोलीत माणसं किती? जितकी आहेत त्याहून बरोबर एक जास्त सांगितली, की जोडी पास. साहेब डब्याच्या डोक्यावर बोटाच्या पेराने एकदा टक् करायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे घरी." त्यावर मी पट्टी ठोकायची.

उत्तर चुकलं तर पट्टी नाही. करवत. जोडी उभी कापायची, आणि तीही मीच. गोजराच्या चुलीत आमचं किती फणसाचं लाकूड गेलंय ते तिलाच विचारा. तिचे वडे त्या लाकडामुळे चांगले होतात असं साहेब म्हणायचे.

३

एक गोष्ट राहिली. त्या पहिल्या रेकॉर्डिंगला मी खुर्चीवर बसलो होतो तेव्हा माझ्या मागे कोणीतरी उभं होतं.

मी पाहिलं नाही. वळायचं नव्हतं. पण मागे भिंत आहे की माणूस, हे मानेला कळतं. अंगावर काटा आला म्हणून उठलो नाही, दम धरला. मग तो मागचा थोडा पुढे वाकला. ते माझ्याने सोसवेना. उठलो, खुर्ची पडली, दार ढकलून बाहेर आलो. बाहेर साहेब आणि वहिनी, दोघंही मशीनपाशी होते तिथेच. साहेबांनी बॅटरी घेतली, आत जाऊन चारी कोपरे बघितले. कोणी नाही.

साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

तेवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पुढे जो पाहुणा येईल, जपानचा असो की पुण्याचा, त्याला चहाबरोबर हा किस्सा मिळायचा. "हा आमचा शिवा. फळी बसवण्यात याच्यासारखा कोणी नाही. पण रिकाम्या खोलीत याला माणूस सापडला होता!" सगळे माझ्याकडे बघून हसायचे. गाळ्यात माझं नाव पडलं, भित्रा शिवा. माझे केस पांढरे झाले तरी नाव तेच.

एकदा पाहुण्यांच्या देखत मी म्हटलं, "साहेब, माणूस होता. एक दिवस तुम्हाला माफी मागायला लागेल."

साहेब म्हणाले, "सापडला की दाखव. तिथल्या तिथे मागतो."

हे सगळ्यांनी ऐकलंय. वहिनींना विचारा.

४

शेवटच्या वर्षात साहेबांची छाती गेली. आयुष्यभर तारांना डाग देताना राळेचा धूर ओढला, दुसरं काय होणार? वाशीच्या घरी कॉटवर बसून असायचे, उठलेच तर एक चप्पल सरळ पडायची, एक घासत. त्यांचा श्वास मला अजून ऐकू येतो. आत जाताना मध्येच अडायचा, ओल्या दोरीला गाठ आडवी यावी तसा. मग बारीक शीळ घालून सुटायचा. अडला की वहिनी पाठीवरून वरून खाली हात फिरवायच्या. बघायच्या टीव्हीकडे, पण हात बरोबर अडल्यावरच फिरायचा.

तशा छातीने त्यांनी शेवटची जोडी बनवली. कोन घरी बसून ओतले, डबे मी गाळ्यात जोडले. फणसाच्या फळ्या, मालवणहून आणलेल्या. मोजणी राहिली आणि साहेबांना हॉस्पिटलात नेलं.

तिथे त्यांनी माझं मनगट धरलं. "शिवा, मोजल्याशिवाय सोडू नकोस."

"नाही सोडत."

"चुकली तर?"

"कापीन."

"रडशील."

"तुम्ही नसताना कोण बघतंय?"

हसले आणि श्वास अडकला. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

म्हणजे माझ्यावर काय आलं बघा. साहेबांच्या हातचं शेवटचं काम. त्यावर त्यांचं नाव लागायचं की ते माझ्या करवतीखाली जायचं, हे ठरवायला आता मीच उरलो होतो.

५

दिवसकार्य झाल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी मोजणी ठेवली. निशांत उलव्याहून वाशीला गेला आणि वहिनींना घेऊन आला. ऊन असं की पत्रा कडकड करत होता. खोलीत मात्र काही नाही. दार लावलं की कान भरल्यासारखे होतात.

"शिवाकाका, फॉर्मॅलिटी आहे ना ही?" निशांत म्हणाला. "गिऱ्हाईक ठरलंय. पाठवायचीच आहे."

मी म्हटलं, "पास झाली तर."

मी टेप लावली आणि गोजराचे डोळे बांधायला बाहेर गेलो.

"मेल्या, या वयात मना डोलं बांधून कुठं नेतंस?" गोजरा म्हणाली. "मानसं बघतान."

"चल गो. साहेबांचं शेवटचं काम आहे."

मग ती हात पदराला पुसून आली.

आत आम्ही चार. मी, निशांत, वहिनी आणि गोजरा. टेपवरचा मी पाचवा. तिने पाच म्हटलं की पास.

गोजरा उभी राहिली. मान थोडी इकडे, थोडी तिकडे. मग म्हणाली, "सा."

"नीट मोज."

"नीटच मोजलंय. मना धरून सा."

निशांतने सुस्कारा टाकला. "बघा, एक इकडेतिकडे. चालतं हो काका."

चालत नाही. पाचाच्या वर एक म्हणजे जोडी बसलेल्या माणसाची दोन माणसं करतेय, आवाज फुटतोय. तीन वेळा अशा जोड्या मी कापल्यात. मी दिव्याखाली ठेवलेल्या करवतीकडे बघितलं.

"कोण कुठे आहे ते तरी सांग," मी म्हटलं.

"डावीकडं बाईमानूस हाय. दाराजवल साहेबाचा पोर, त्याचा बूट कुरकुरतंय. तू यो माझे बाजूला. समोर खुर्चीवर एक बसलाय, नाकात शिटी वाजते त्याचे." ती शिट्टी माझीच. लहानपणी उघाडीच्या फळीवर आपटून नाक मोडलं होतं. "नि त्याचे मागं एक उभा हाय."

निशांतचा बूट परत कुरकुरला.

"त्याला दम लागलाय," गोजरा म्हणाली. "बसवा रे त्याला कोनीतरी."

६

आधी मला वाटलं, शेजारचा कॉम्प्रेसर असेल. निशांत बाहेर जाऊन बघून आला. सगळं बंद. मग वाटलं, एका डब्याचा सांधा सुटलाय आणि हवा फुसफुसतेय. प्रत्येक सांध्यावरून ओलं बोट फिरवलं. माझे सांधे आहेत ते, सुटत नाहीत. साहेबांची पहिली जोडी त्याच खोलीत कोपऱ्यात कायम असते. निशांतने वायर काढून तिला लावली आणि तीच टेप, तोच तुकडा वाजवला. एकच माणूस. नाकात शिट्टी, खुर्ची जरा कुरकुरते, एकदा आवंढा. मागे कोणी नाही. परत शेवटची जोडी जोडली.

मागे माणूस होता.

आवाज फुटलेला नव्हता. दोन वेगळी माणसं होती. एक तरुण, घाबरलेला, श्वास दाबून बसलेला. त्याच्यामागे हातभर अंतरावर दुसरा. त्याचा श्वास आत जाताना अडायचा. मग बारीक शीळ घालून सुटायचा.

मी स्वतःला म्हटलं, शिवा, डोकं ठिकाणावर ठेव. त्या दिवशी साहेब गुपचूप आत येऊन तुझ्या मागे उभे राहिले असतील. मस्करी. वहिनींना तसं विचारलंही.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "बटण मीच दाबलं होतं. ते माझ्या शेजारी होते, सगळा वेळ." मग म्हणाल्या, "आणि तेव्हा कुठे होता हा श्वास? तेव्हा त्यांची छाती धडधाकट होती. हा आत्ताचा आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या स्पीकरकडे बघत नव्हत्या. समोरच्या कापसाच्या भिंतीकडे बघत होत्या. पण त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला होता. श्वास अडला की तो हात हवेत वरून खाली यायचा. सुटला की थांबायचा. अडला की परत.

निशांतला ते बघवेना. त्याने माझ्यावर तोंड टाकलं. "काका, तुम्ही टेपवर काहीतरी केलंय. बाबांचा आवाज हॉस्पिटलात घेतलात आणि यात घातलात. लाज वाटत नाही? आईसमोर?"

तो आईला आणि गोजराला घेऊन बाहेर गेला. जाताना गोजरा दारातून मागे वळून म्हणाली, "अरे, त्याला बसाया दे." डोळ्यांची पट्टी तिने अजून सोडली नव्हती.

७

मी एकटा राहिलो. टेप चालू होती. बंद करायला हवी होती, केली नाही.

करवत एका बाजूला, पितळी पट्टी डाव्या डब्याच्या डोक्यावर नुसती ठेवलेली. मी विचार करत होतो. मोजणी चुकली की बरोबर आली? गोजराने सहा म्हटलं. पण आत खरोखर सहा असतील तर ती चुकलेली नाही. पहिल्या जोडीला जो माणूस ऐकू आला नाही, मधल्या एकाही जोडीला आला नाही, तो या जोडीला आला. म्हणजे साहेब आयुष्यभर ज्याच्या मागे होते ते त्यांनी शेवटी करून दाखवलं होतं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू, पण छातीही फुगली होती. म्हटलं, बघा, हा आमचा माणूस. महाप्याचा.

टेपवर माझी खुर्ची पडली. पावलं. दार. नेहमी साहेब इथे टेप बंद करायचे, कारण पुढे नुसती रिकामी खोली आहे. बाहेर आमचा तमाशा चालू असताना मशीन फिरत राहिलं होतं, साहेब बॅटरी घेऊन आत जायच्या आधीच रीळ संपलं होतं.

मी बंद केली नाही.

रिकामी खोली वाजत होती. तो तिथेच होता. श्वास अडला, सुटला. मग त्याने पाऊल टाकलं. एक चप्पल सरळ, एक घासत. पडलेल्या खुर्चीला वळसा घातला, ते कळलं मला, आवाज उजव्या डब्यातून डाव्यात गेला. मग दोन्हींच्या मधे आला. मी तिथेच उभा होतो. माझा तळहात डाव्या डब्यावर होता.

मागे भिंतीपाशी मशीनवर रिळाचं शेपूट सुटलं आणि फट् फट् फट् करत फिरायला लागलं. टेप संपली. मी मान वळवून बघितलं, संपलीच होती. मग पुढे बघितलं.

डब्याच्या तोंडावरचं काळं कापड आत गेलं होतं. आत ओढल्यासारखं, आणि मध्येच अडलं होतं. मग सावकाश बाहेर आलं. माझ्या मनगटाला वारा लागला, राळेच्या वासाचा.

आणि माझ्या तळहाताखाली, लाकडावर, एकदाच, टक्.

पितळी पट्टी उडी मारून तिरकी झाली.

मी पळालो नाही. हे सईने ठळक अक्षरात छापावं. मी तिथेच उभा राहून म्हटलं, "जाऊ दे घरी." कारण ते कोणीतरी म्हणायला हवं होतं. मग हातोडी घेतली आणि पट्टी ठोकली. सरळ बसली.

८

निशांतने ती टेप ठाण्याला कुणाकडे नेऊन तपासून घेतली. वरून काही घातलेलं नाही, जुनी आहे तशी आहे, असं त्याला कळलं. मग माझ्या घरी आला, माझ्या पाया पडला, रडला. त्याचं माझं मिटलं. पोरगा वाईट नाही.

जोडी गिऱ्हाइकाकडे गेली नाही. वहिनी म्हणाल्या, घरी जाऊ दे म्हणजे माझ्या घरी. वाशीच्या बैठकीत आहे आता. मी अधूनमधून दुपारी जातो. अॅम्प्लिफायर अजून गाळ्यातच आहे, त्यामुळे जोडीला वायरही नाही. वहिनी तिच्याकडे पाठ करून वेताच्या खुर्चीत बसतात, टीव्ही लावतात. बोलता बोलता त्यांचा उजवा हात खुर्चीच्या बाजूने मागे जातो आणि हवेत वरून खाली फिरतो. मी चहा पितो. कापडाकडे बघत नाही. मी आता कुठेही बसलो तरी भिंतीला पाठ लावून बसतो, एवढाच फरक.

अभिमान आहे का, असं सईने विचारलं होतं. आहे ना. असा कारागीर या पट्ट्यात झाला नाही आणि होणार नाही, आणि त्याचे डबे मी जोडले. लिही तू थोर. पण त्याच्याखाली माझी एक ओळ राहू दे. रिकाम्या खोलीत मला माणूस सापडला होता. सगळे हसले, त्यांना मी सोडलं. पण जो सगळ्यांत जास्त हसला, ज्याने पाहुण्यांना बोलावून बोलावून सांगितलं, "सापडला की दाखव, तिथल्या तिथे माफी मागतो" असं जो सगळ्यांसमोर बोलला, तोच माझ्या मागे उभा होता. सापडला. दाखवला. गोजराने डोळे बांधून मोजला. टक् केलं, पण माफी अजून मागितली नाही.

श्यामसुंदर वालावलकर.